शाळेतून पोरगं उचललं, वॉरंट नव्हतं, आता काय?

या हप्त्यात आलेलं पत्र थोडं कापून जसंच्या तसं देते. नाव-गाव काढून टाकलंय, ते का ते पुढं कळेल.

"वकील ताई, नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातला कास्तकार. पोरगा दहावीत हाये, पंधरा वर्साचा. शाळेत कबड्डीच्या मॅचवरून भांडन झालं, त्यात दुसऱ्या पोट्ट्याचा समोरचा दात पडला. माहा पुतन्या तिथी सोडवाले गेल्ता म्हन्ते, तो बारावी नापास हाये, लोकं म्हन्ते त्यानंबी मारलं. हेडमास्तरनं आमाले फोन नाई केला, डायरेक पोलीस बोलावले. अकरा वाजता वर्दीतले दोघं आले, पोराले वर्गातून उचललं, गाडीत बसोलं. मले चार वाजता दुसऱ्याकडून समजलं. मी गेलो तं एका कागदावर माही सही घेतली, पोराचीबी घेतली न सोडलं. वाचू नाई देल्लं. वॉरंट तं नव्हतंच. आता त्याचे मायबाप म्हन्ते पन्नास हजार द्या नाई तं केस वाढवतो. गावच्या ग्रुपवर पोराचा गाडीत बसतानाचा व्हिडिओ फिरून राह्यला. पोलीस असं बिनावॉरंट शाळेतून उचलू शकते काय? पोराले पोलीस भरतीत जायचं हाये, त्याचं काय होईन?"

भाऊ, पहिले तुमच्या मनातली वॉरंटची गोष्ट काढून टाका. ठाण्यात जाऊन "वॉरंट दाखवा" म्हणाल तर जमादार हसेल, आणि त्या बाबतीत त्याचं बरोबर असेल. दखलपात्र गुन्हा असला की पोलिसाला वॉरंटशिवाय अटक करता येते, हे काल-परवाचं नाही, इंग्रजांच्या काळापासून चालत आलंय. आता ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35 मध्ये आहे, हा कायदा 1 जुलै 2024 पासून लागू झाला, त्याआधी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं, म्हणजे सीआरपीसीचं, कलम 41 होतं. आणि गुन्हा शाळेत घडला, शेतात घडला का बसस्टँडवर घडला, त्यानं अटकेच्या अधिकारात फरक पडत नाही. शाळेसाठी वेगळं कलम नाही. हेडमास्तरची परवानगी लागते असंही कुठं लिहिलेलं नाही, उलट ज्याला अटक करायचा पोलिसाला अधिकार आहे तो माणूस आत आहे असं त्याला वाटलं तर त्या जागेचा जो कोणी प्रमुख असेल त्यानं आत येऊ द्यायला पाहिजे, असं कलम 44 सांगतं. पोट्टे रील्स पाहून सांगतात की अमेरिकेत शाळेत पोलीस बसूनच असतो, हो, तिकडं बऱ्याच शाळांत अधिकारी कायमचा नेमलेला असतो, आपल्याकडं तसं नाही, आपल्याकडं बोलावलं की येतात.

मग तुमच्या पोराच्या बाबतीत सगळं कायदेशीर झालं का? नाही. पण चूक वॉरंटची नाही, चूक दुसऱ्याच जागी आहे, आणि ती तुम्ही ओळखली नाही तर तुम्ही भलत्याच मुद्द्यावर भांडत बसाल. विचारायचे प्रश्न दोनच आहेत: कलम कोणतं लागलं, आणि त्या दिवशी पोराचं वय काय होतं.

कलमाचं आधी बघू, कारण सगळी भानगड त्या दातात आहे. नुसती झापडझुपडी, ढकलाढकली झाली असती तर ती साधी दुखापत, भारतीय न्याय संहितेचं कलम 115(2), आणि ते अदखलपात्र आहे, म्हणजे एनसी. एनसीत पोलिसाला वॉरंटशिवाय अटक करताच येत नाही, मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपासही करता येत नाही. नुसती शिवीगाळ असली तरी तेच. पण दात तुटला किंवा निखळला की कायद्याच्या नजरेत ती गंभीर दुखापत होते, हाड मोडण्याच्या रांगेत दात बसवलेला आहे, मग कलम 117(2), सात वर्षांपर्यंत शिक्षा, आणि दखलपात्र. म्हणून ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरनं त्या पोराच्या सर्टिफिकेटवर काय लिहिलंय हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. दात आधीच किडलेला, हलत होता, का चांगला दात ठोसा लागून पडला, हे तिथंच ठरणार आहे. गावातली चार माणसं "दात पाडला, दात पाडला" म्हणतात त्याला काही अर्थ नाही, डॉक्टरचा कागद पाहिजे. एक दिलासा असा की 117(2) जामीनपात्र आहे, म्हणजे मोठ्या माणसाच्या बाबतीतही जामीन हा हक्क आहे, उपकार नाही.

आता वय. इथं तुमचा पोरगा आणि तुमचा पुतण्या यांचे रस्ते वेगळे होतात, म्हणून दोघांचं वेगवेगळं सांगते.

पोरगा पंधराचा. अठराच्या आतल्या लेकराला बाल न्याय कायदा, 2015 लागू होतो आणि त्यात पोलिसाचे हात बरेच बांधलेले आहेत. नियम असा की ज्या गुन्ह्याला कमीत कमी सात वर्षं शिक्षा आहे, म्हणजे खून, बलात्कार असल्या घोर गुन्ह्यातच लेकराला ताब्यात घ्यायचं, एरवी लेकराच्याच भल्यासाठी गरज असली तरच. दात पाडणं त्यात बसत नाही, कारण 117(2) मध्ये जास्तीत जास्त सात वर्षं आहे, कमीत कमी काहीच नाही. असल्या प्रकरणात पोलिसांनी स्टेशन डायरीत नोंद करायची, लेकराच्या घरची परिस्थिती, शाळा, संगत याचा एक अहवाल बनवायचा, तो बाल न्याय मंडळाकडं पाठवायचा आणि तारखेला कधी यायचं ते मायबापाला कळवायचं. बस. वर्गातून उचलून गाडीत टाकायचं काम नव्हतं.

आणि समजा ताब्यात घेतलंच, तरी कसं वागायचं तेही ठरलेलं आहे. प्रत्येक ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, एएसआयच्या, म्हणजे सहायक पोलीस उपनिरीक्षकाच्या, खालचा नको, लेकराचं काम त्यानंच पाहायचं आणि साध्या कपड्यात पाहायचं, वर्दीत नाही. हातकडी नाही, मारझोड नाही, लॉकअपमध्ये तर कुठल्याच परिस्थितीत नाही. ताब्यात घेतल्याबरोबर मायबापाला कळवायचं, आणि 24 तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, मंडळासमोर उभं करायचं. विचारपूस करताना मायबाप सोबत बसू शकतात. कबुली द्यायला जबरदस्ती करायची नाही, आणि हे नीट वाचा, लेकराकडून कुठल्याही जबाबावर सही घ्यायची नाही.

तुमच्या पत्रात काय आहे? वर्दीतले दोघं, तुम्हाला अकरा ते चार खबर नाही, पोराची सही घेतली. पाच तास एक दहावीतलं लेकरू ठाण्यात बसून आहे आणि बाप वावरात सोयाबीन पाहून राहिला, त्याला माहीतच नाही. भाऊ, भांडायचं असेल तर या तीन गोष्टींवर भांडा. आता त्या ठाण्यात माणसं किती, गावं किती, एका जमादाराकडं बीटमधली किती खेडी असतात ते मी रोज पाहते, आणि हेडमास्तरचा फोन आला, गर्दी जमली, दुसऱ्या पोराचे नातेवाईक काठ्या घेऊन येऊन राहिले असं असेल तर पोलीस लेकराला तिथून हलवणारच, "लेकराच्या भल्यासाठी" यात ते बसूही शकतं. ते मी समजू शकते. पण तुम्हाला एक फोन करायला किती वेळ लागतो? शाळेच्या रजिस्टरात तुमचा नंबर असतोच. हेडमास्तरनंही तो लावला नाही आणि पोलिसांनीही लावला नाही.

आता पुतण्या, कारण खरी काळजी मला त्याची आहे, तुम्ही त्याच्याबद्दल एकच ओळ लिहिली. घटनेच्या दिवशी तो अठरा पूर्ण होता का? दाखला काढून तारीख पहा. आपल्याकडं किती जणांच्या दाखल्यावर 1 जुलै नाही तर जूनमधली कोणती तरी तारीख आहे ते तुम्हाला सांगायची गरज नाही, मास्तरनं पहिलीत नाव घालताना अंदाजानं टाकलेली. पण कायदा आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं सर्टिफिकेटच पाहतो, ते नसलं तर ग्रामपंचायतीचा जन्माचा दाखला, आणि तोही नसला तर डॉक्टरी तपासणी. मोजायचं वय घटनेच्या दिवसाचं, आजचं नाही. आता कोणी म्हणेल ग्रामपंचायतीतून नवीन दाखला काढू, वय कमी दाखवू, त्या नादी लागू नका, दहावीचं सर्टिफिकेट समोर ठेवलं की तो दाखला उघडा पडतो आणि वरून बनावट कागदाची केस लागते.

तो अठराच्या वर निघाला तर दोन गोष्टी होतात. एक, मोठ्या माणसासोबत मिळून लेकरानं गुन्हा केला असा आरोप असेल तर लेकराच्या बाबतीतही एफआयआर दाखल होऊ शकतो, डायरी नोंदीवर भागत नाही. म्हणजे पुतण्या त्यात असणं तुमच्या पोराला पण भारी पडू शकतं. म्हणून तो खरंच सोडवायला गेला होता का, कोणी पाहिलं, कबड्डीचे पंच कोण होते, हे आत्ताच विचारून ठेवा, दोन महिन्यांनी कोणालाच काही आठवत नाही. पण साक्षीदाराला पढवू नका, फक्त कोण कोण तिथं होतं ते लिहून ठेवा.

दोन, पुतण्याला अटक होऊ शकते का? होऊ शकते, वॉरंटशिवाय, पण डोळे झाकून नाही. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात पोलिसाला आधी कारण लिहावं लागतं की अटक कशासाठी पाहिजे: हा परत मारामारी करेल, पुरावा गायब करेल, साक्षीदारांना धमकावेल, पळून जाईल, असं काही तरी. कारण नसेल तर अटक नाही, कलम 35(3) ची नोटीस द्यायची की अमुक दिवशी ठाण्यात हजर रहा. सुप्रीम कोर्टानं 2014 मध्ये अर्नेश कुमारच्या केसमध्ये हे फार कडक शब्दांत सांगितलं, आणि न पाळणाऱ्या पोलिसावर खात्याची कारवाई आणि कोर्टाचा अवमान दोन्ही होऊ शकतं असंही सांगितलं. तर ही नोटीस आली की पुतण्याला लपवायचं नाही. नागपूरला मामाकडं, पुण्याला कंपनीत कामाला, असं काही नाही. आपल्या लोकांची पहिली युक्ती हीच असते, पोट्टं बाहेरगावी पाठवून द्यायचं, आणि मग पोलीस लिहितात "आरोपी फरार", झालं, अटकेचं कारण तुम्हीच हातात दिलं. नोटीस घ्यायची, तारखेला जायचं, नोटिशीवर पोच घ्यायची. जोवर तो नोटिशीप्रमाणे हजर राहतो तोवर सहसा अटक करता येत नाही, करायची तर परत कारण लिहावं लागतं. ही नोटीस नुसती व्हॉट्सॲपवर टाकून चालत नाही, सुप्रीम कोर्टानं 2025 मध्ये ते सांगितलंय, पण व्हॉट्सॲपवर आली म्हणून मिजास करत घरी बसू नका, ठाण्यात जाऊन कागदाची नोटीस मागा.

अटक झालीच तर अटकेचं कारण सांगायला पाहिजे, घरच्याला कळवायला पाहिजे, चौकशीच्या वेळी वकिलाला भेटू द्यायला पाहिजे, डॉक्टरी तपासणी व्हायला पाहिजे आणि 24 तासांत मॅजिस्ट्रेटसमोर न्यायला पाहिजे. यातलं काही राहिलं असेल तर ते मॅजिस्ट्रेटसमोर तोंडानं सांगायचं, तिथं पोरं गप्प उभी राहतात आणि बाहेर येऊन मला सांगतात.

तो सही केलेला कागद. बहुतेक तो पोरगा तुमच्या ताब्यात दिल्याचा कागद असेल, पण बहुतेकवर मी सल्ला देत नाही. उद्याच ठाण्यात जा, ठाणेदाराला लेखी अर्ज द्या की अमुक तारखेला माझा पंधरा वर्षांचा मुलगा शाळेतून आणला, त्याची डायरी नोंद आहे का एफआयआर आहे, कागदाची नक्कल द्या, बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण ते सांगा, आणि मुलाची सही कशावर घेतली ते सांगा. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि सही घेऊन या. आवाज चढवू नका, गावातल्या पुढाऱ्याला घेऊन जाऊ नका, तुम्ही आणि तुमची बायको दोघं जा. अर्ज घेतला नाही तर तोच अर्ज रजिस्टर पोस्टानं जिल्ह्याच्या एसपीला पाठवा.

पन्नास हजारांचं. भाऊ, सरळ सांगते, असे पैसे देऊ नका. "द्या नाहीतर केस वाढवतो" म्हणून मागितलेला पैसा एकदा दिला की मागणं थांबत नाही, आणि कुठं लिहिलेलंही नसतं. पण म्हणून तोंड फिरवूनही बसू नका. त्या पोराचा दात गेलाय. समोरचा. पंधरा-सोळाच्या पोराला उद्या हसायची लाज वाटेल. तुम्ही गेलात का त्याला पाहायला? पत्रात तसं काही दिसलं नाही. जा, पोराला सोबत न्या, माफी मागायला लावा, दात बसवायचा डॉक्टरचा खर्च स्वतःहून भरा आणि पावती ठेवा. हा खर्च आणि ते पन्नास हजार यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि दोन्ही घरं तयार असतील तर 117(2) ची केस आपसात मिटवायची कायद्यात सोय आहे, जखमी पोरगा लहान असल्यानं त्याच्या वतीनं त्याचे मायबाप, कोर्टाची परवानगी घेऊन. मिटवायचं तर तिथं मिटवा, पानठेल्यावर नाही.

व्हिडिओचं. लेकराची ओळख उघड करणं बाल न्याय कायद्याच्या कलम 74 नं गुन्हा आहे, नाव, फोटो, शाळा, पत्ता, काहीच नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणूनच मी तुमचं गाव काढून टाकलं. ग्रुपच्या ॲडमिनला हे कलम सांगून व्हिडिओ काढायला लावा, आधी स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, नाही ऐकलं तर ठाण्यात द्याल त्या अर्जात हेही लिहा.

भरतीचं तुम्ही शेवटी लिहिलं पण मला वाटतं झोप त्यानंच उडाली आहे. आपल्याकडं पहाटे रोडवर पळणारी पोरं पाहिली की कळतं एकेका घराची किती आशा त्या भरतीवर आहे. तर ऐका: बाल न्याय कायद्याखाली निघालेल्या प्रकरणामुळं लेकराला पुढं कुठलीच अपात्रता लागत नाही, कलम 24. प्रकरण निकाली निघालं की चारित्र्य प्रमाणपत्रासाठी पोलिसांनी त्याचा रेकॉर्ड उघड करायचा नाही, हेही कायद्यातच आहे. सोळाच्या वरचं पोरगं घोर गुन्ह्यात मोठ्या माणसासारखं चालवलं गेलं तर गोष्ट वेगळी, तुमचा पोरगा त्यात कुठंच बसत नाही. पण पुतण्या अठराच्या वर असेल तर त्याला हे संरक्षण नाही, त्याची केस फॉर्ममध्ये लिहावी लागेल, लपवली तर लपवल्याबद्दलच नोकरी जाते. म्हणून त्याच्याकडं जास्त लक्ष द्या.

एक गोष्ट राहिली, ती तुमच्यासाठी कमी आणि हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी जास्त. "पोलिसांनी शाळेत यायलाच नको" असं या पत्रावरून कोणी म्हणू नका. शाळेत लेकरासोबत कोणी वंगाळ काही केलं असेल, मास्तर असो, शिपाई असो, ऑटोवाला असो, तर तिथं पोक्सो, म्हणजे लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा, लागतो आणि पोलिसांना लगेच कळवणं हे बंधन आहे, कळवलं नाही तर संस्थेच्या प्रमुखावरच गुन्हा. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापुरात लोकं रेल्वे रुळावर उतरली ती यामुळंच, की लहान लहान मुलींच्या तक्रारीची दखल घ्यायला उशीर झाला. तिथं "शाळेची बदनामी होईल, गावात मिटवू" म्हणणाऱ्याच्या बाजूनं मी कधीच उभी राहणार नाही, तिथं वॉरंट नाही म्हणून ओरडू नका. आणि शाळेच्या फाटकासमोर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून देणारा ठेला आहे त्याचं काय? शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला बंदी आहे, आणि अठराच्या आतल्या लेकराला तंबाखू दिली तर बाल न्याय कायद्याचं कलम 77, सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. कबड्डीवाल्या पोराला पकडायला गाडी येते ती त्या ठेल्यासमोरूनच येते.

तर तुमचं काम, भाऊ: वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. लेकराला, बाईला, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला आणि कोठडीतल्या माणसाला फुकट वकील मिळतो, उत्पन्न पाहत नाहीत. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती बसते, तिथं पोराचा शाळेचा दाखला, आधार, आणि ठाण्यात दिलेल्या अर्जाची शिक्का मारलेली प्रत घेऊन जा. जाता नाही आलं तर 15100 वर फोन करा, लेकराच्या बाबतीत 1098 आहेच. मंडळाची तारीख जिल्ह्याच्या ठिकाणी लागेल, तिथं एक मॅजिस्ट्रेट आणि दोन समाजसेवक बसतात, पिंजरा-बिंजरा नसतो, पोराला हे आधी सांगून ठेवा म्हणजे तो घाबरणार नाही. सकाळच्या एसटीनं निघा, उशीर करू नका, आणि दहावीचा फॉर्म भरायची तारीख मध्ये येत असेल तर ती चुकवू नका, त्या तारखेला बाल न्याय मंडळाकडून हजेरीची सूट मागता येते.

पुतण्याच्या दाखल्यावरची तारीख आणि डॉक्टरचा कागद, या दोन गोष्टी हाती आल्या की परत लिहा, त्याच्याशिवाय त्याच्याबद्दल पुढचं मी सांगू शकत नाही.